मामांनी बसवलेलं टर्बाइन

मामांच्या डोळ्याचं ऑपरेशन उन्हाळ्यात झालं आणि टर्बाइन उघडलं गेलं पावसाळा संपता संपता. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण दिवाळीनंतर आमच्या प्लँटमधल्या सगळ्यांनी तो जोडला, आणि थोडे दिवस मीही.

मामा म्हणजे आमचे फोरमन. माझे नात्याने कोणी नव्हेत, पण प्लँटमध्ये सगळेच त्यांना मामा म्हणतात, अगदी मॅनेजर साहेबसुद्धा. मूळचे देवरीकडचे. आयटीआय करून ते कुठे साखर कारखान्यात, कुठे कागद गिरणीत असे फिरत फिरत टर्बाइनं उघडायला आणि बसवायला शिकले, आणि शेवटी घराजवळ म्हणून इकडे आले. निवृत्ती जवळ आलेली. उंच, किंचित वाकलेले, आणि बोलणं असं की नव्या माणसाला वाटावं, हे भांडून राहिले आहेत.

आमचं वीजघर छोटं आहे. गोंदियाच्या बाहेर राइस मिलांची रांग संपते तिथे. मिलांमधून निघणारा धानाचा भुसा जाळून बॉयलरमध्ये वाफ करायची, त्या वाफेनं टर्बाइन फिरवायचं आणि टर्बाइनला जोडलेल्या जनरेटरमधून वीज काढायची, एवढाच कारभार. मी तिथे ऑपरेशन इंजिनिअर आहे. कुडव्याहून रोज स्कूटीनं जाते. कंट्रोल रूममध्ये बसून दाब, तापमान, वाफ, वीज यांच्याकडे बघत राहणं आणि काही इकडचं तिकडे झालं की धावणं, हे माझं काम.

नवं धान यायच्या आधी भुसा कमी पडतो. तेव्हाच दरवर्षी प्लँट बंद करून दुरुस्त्या होतात. यंदा टर्बाइन पूर्ण उघडायचं ठरलं. वरचं जड झाकण क्रेननं उचललं, आतला पात्यांचा लांब दांडा बाहेर काढला, साफ केला, फटींतून वाफ निसटू न देणारी झिजलेली सील बदलली आणि सगळं पुन्हा बसवलं. यात खरी कसोटी असते ती फटींची. फिरणारा भाग आणि न फिरणारा भाग यांच्यात केसाएवढी जागा ठेवायची असते. कमी ठेवली तर घासेल, जास्त ठेवली तर वाफ पात्यांना न ढकलताच त्या फटीतून निसटून जाईल. ती जागा मोजायला पातळ पोलादी पट्ट्या असतात. मामा वाकून पट्टी सरकवायचे, आकडा सांगायचे, आणि मी शेजारी उभी राहून लिहायचे.

"आता लई झक्क दिसते," ते मला म्हणाले होते. "पह्यले धुकं वाटे. आता भितीवरची मुंगी दिसून राहिली."

दिवाळीनंतर मिला सुरू झाल्या, भुशाच्या गाड्या यायला लागल्या आणि आम्ही टर्बाइन चालू केलं. आवाज छान होता. थरथर नाही, बेअरिंग थंड. मामांनी कानाला लांब स्क्रूड्रायव्हर लावून ऐकलं आणि मान डोलावली. मग आम्ही हळूहळू वाफ वाढवत नेली. तासाला छत्तीस टन, म्हणजे बॉयलरची पूर्ण क्षमता. एवढ्या वाफेवर आधी आठ मेगावॅट वीज यायची. यावेळी काटा साडेसहाच्याही खाली थांबला. सहा पॉइंट चार.

पहिल्या दिवशी वाटलं, नवीन आहे, बसेल जागेवर. पण आठवडा उलटला तरी तो काटा तसाच.

मॅनेजर साहेब कंट्रोल रूममध्ये येऊन माझ्या खुर्चीमागे उभे राहायचे. गोंदियातच वाढलेले, हिंदीत बोलणारे, तसे शांत गृहस्थ. "म्याडम, मशीन भाप खा रही है और दे कुछ नहीं रही. खोला उसके बाद ही ऐसा हुआ ना?"

होतंही खरं. उघडल्यानंतरच झालं होतं.

टर्बाइन बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाशी फोनवर बोलणं झालं. त्यानं सांगितलं, बहुतेक फटी जास्त राहिल्या असतील, वाफ निसटत असेल, पुन्हा उघडल्याशिवाय कळणार नाही. पुन्हा उघडायचं म्हणजे ऐन हंगामात प्लँट बंद. मिलांचा भुसा उघड्यावर पडणार. भुसा टाकायला आजूबाजूच्या गावांतून येणाऱ्या बाया आणि माणसं घरी बसणार. साहेबांनी प्लँटच्या मालकांना, सेठजींना, कळवलं आणि सेठजी म्हणाले, ठीक आहे, तयारी करा, या आठवड्याअखेर सांगतो.

तोवर कँटीनमध्ये कुजबुज सुरू झाली होती. कोणी मामांचं नाव घेऊन वाईट बोलत नव्हतं, सगळे कळवळ्यानंच बोलत होते, आणि तेच जास्त लागणारं होतं. वय झालं बिचाऱ्यांचं. डोळ्याचं ऑपरेशन झालंय ना. इतकं बारीक काम, आता कुठे दिसणार. मामांनी कँटीनमध्ये बसणं सोडलं. डबा घेऊन ते वर्कशॉपच्या मागे जायचे.

एका दुपारी मी गेटकडे चालले होते, तर मामा सुरक्षेच्या सूचनांच्या मोठ्या फलकासमोर उभे. एक तळहात डाव्या डोळ्यावर. ओठ हलत होते. मग हात बदलून उजव्या डोळ्यावर.

"काय करून राहिले, मामा?"

ते दचकले. "काही नाही. वाचून राहिलो." हात खाली घेतला, पण नजर फलकावरच. "म्याडम, तुमी ते रीडिंग लिवले. मी सांगे तसेच लिवले ना?"

"हो, तसेच."

"तुमी सोता पाह्यले होते काय?"

"काही पाहिले होते. सगळे नाही."

त्यांनी मान हलवली. "मंग माजे डोरेच असन." आणि ते वर्कशॉपकडे निघून गेले.

मला तिथे उभं राहून एकदम जाणवलं की इतक्या दिवसांत आम्ही सगळे फक्त बोललो होतो. टर्बाइननं काम किती करायला हवं आणि किती केलं, हे बसून कोणीच मोजलं नव्हतं. वाफ तेवढीच, वीज कमी, म्हणजे टर्बाइन वाईट, इथेच सगळे थांबले होते. मी मोजू शकत होते. कॉलेजात हे गणित मी डोळे मिटून करायचे. तरीही मी टाळत होते, कारण मोजलं आणि मामांचीच चूक निघाली तर? मग ती मलाच साहेबांपुढे ठेवावी लागली असती, मीच फटी लिहून सही केलेल्या कागदासकट.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती आणि मला अर्जुनी मोरगावला माहेरी जायचं होतं, गावात मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, होती म्हणून. निघण्याआधी मी कंट्रोल रूमच्या पडद्यांचे आणि टर्बाइनवरच्या दाब-तापमान दाखवणाऱ्या सगळ्या गोल घड्याळांचे मोबाइलवर फोटो काढले. पिशवीत वाफेच्या तक्त्यांचं कॉलेजातलं जुनं पुस्तक टाकलं आणि वडशाकडे जाणारी सकाळची रेल्वेगाडी पकडली.

घरी आई मंडईच्या पाहुण्यांच्या स्वयंपाकात होती. अंगणात धान वाळत होतं. मी ओसरीवर चटई टाकली आणि जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून बसले. बाबा धानावर पाय फिरवून आले आणि शेजारी टेकले.

"सुट्टीच्या दिशी काय करून राहिली वो?"

"मशीनचं काम मोजून राहिली."

"मशीनचं काम कसं मोजतेत?"

बाबांना शाळा फार मिळाली नाही, पण विचारतात तेव्हा खरंच ऐकायचं असतं म्हणून विचारतात. मी सांगितलं, "वाफ मशीनमध्ये शिरते तेव्हा तिच्या अंगात ताकद असते. तिचा दाब किती आणि ती गरम किती हे माहीत असलं की या पुस्तकात ती ताकद सापडते, दर किलोला किती ते. मग बाहेर पडताना तिच्यात किती उरली ते काढायचं. मधला फरक म्हणजे एका किलो वाफेनं केलेलं काम."

"आन मंग?"

"मग सेकंदाला किती किलो वाफ जाते त्यानं गुणायचं. ती झाली पॉवर."

बाबांनी थोडा विचार केला. आमच्याकडे पिढ्यानपिढ्या तलाव बांधणं आणि राखणं चालत आलं आहे, तेव्हा त्यांचा विचार तिकडेच गेला. "तुडुमातून पानी सोडतो तसंच हाय ते," ते म्हणाले. तुडुम म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार. "किती उंचावरून पडते तेही पाहा लागते, आन किती सुटते तेही."

"अगदी तसंच."

"कर मंग," असं म्हणून ते पुन्हा धानाकडे गेले.

मी आकडे मांडले. आत येणाऱ्या वाफेचा दाब आणि तापमान तक्त्यात शोधलं, तर किलोमागे तेहतीसशे किलोज्यूल ताकद निघाली. बाहेर कंडेन्सरमध्ये, जिथे वाफेचं पुन्हा पाणी होतं, जवळजवळ पूर्ण व्हॅक्यूम असतो. वाफ काहीही वाया न घालवता तिथपर्यंत पोचली असती तर तिच्यात उरले असते एकवीसशे सत्तर. म्हणजे आदर्श टर्बाइननं एका किलोतून अकराशे तीस काम काढलं असतं. खरं टर्बाइन एवढं कधीच काढत नाही. आमचं आधी तीन चतुर्थांश काढायचं, म्हणजे साधारण साडेआठशे. तासाला छत्तीस टन म्हणजे सेकंदाला बरोबर दहा किलो. साडेआठशे गुणिले दहा, त्यातून गिअर आणि जनरेटर खातात तेवढं वजा. आठ मेगावॅट. जुना आकडा चोख जुळला. म्हणजे माझी पद्धत बरोबर होती.

मग आताचा हिशेब उलटा केला. वीज सहा पॉइंट चार. गिअर आणि जनरेटरची तूट त्यात परत मिळवली, दहा किलोनं भागलं. एका किलोचं काम आलं सहाशे सत्तर. अकराशे तीसपैकी सहाशे सत्तर. शंभरातले एकोणसाठ.

मी पेन खाली ठेवलं. एकोणसाठ टक्के म्हणजे फार वाईट. जुनं, झिजलेलं, घासलेलं टर्बाइनसुद्धा इतकं खाली येत नाही. आतापर्यंत जे कुजबुजीत होतं ते आता माझ्याच अक्षरात कॅलेंडरच्या पाठीवर होतं. फलकासमोर एक डोळा झाकून उभे असलेले मामा मला दिसले. आईनं जेवायला हाक मारली, मी "थांब" म्हटलं. भूकच गेली होती.

पुढचं मी केलं ते निव्वळ सवयीनं. कॉलेजात असल्या गणिताच्या शेवटी नेहमी एक उपप्रश्न असायचा: बाहेर पडणाऱ्या वाफेची अवस्था काढा. तो सोडला की गुण जायचे. म्हणून हात आपोआप पुढे गेला. तेहतीसशेतून सहाशे सत्तर वजा. उरले सव्वीसशे तीस.

तक्त्यात बघितलं. त्या व्हॅक्यूममध्ये पूर्ण कोरड्या वाफेत, पाण्याचा एकही थेंब नसलेल्या वाफेत, किलोमागे पंचवीसशे पंच्याऐंशीच मावतात. माझ्याकडे होते त्याहून जास्त. ही जास्तीची ताकद जाणार कुठे? ती उष्णता म्हणून दिसायला हवी. मी मोजलं. बाहेर पडणारी वाफ सत्तर अंशांच्या आसपास असायला हवी होती.

मोबाइल उघडला, एक्झॉस्टच्या, म्हणजे वाफ बाहेर पडते तिथल्या, तापमानाच्या घड्याळाचा फोटो मोठा करून पाहिला. सेहेचाळीस.

पुन्हा पाहिलं. सेहेचाळीसच. आणि त्या व्हॅक्यूममध्ये पाणी उकळतं तेही बरोबर सेहेचाळीसलाच. म्हणजे बाहेर पडणारी वाफ ओली होती, थेंब धरलेली. आपली ताकद टर्बाइनला देऊन दमून बाहेर पडलेली वाफ अशीच असते. मामांच्या फटी मोठ्या राहिल्या असत्या, वाफ पात्यांना चुकवून निसटली असती, तर ती कामच न करता आली म्हणून गरम आली असती. ती गरम नव्हती.

म्हणजे आकड्यांपैकी कोणतातरी एक खोटं बोलत होता. वीज खरी होती, ती बाहेर मोजली जात होती. आत येणाऱ्या वाफेचा दाब आणि तापमान दाखवणारी घड्याळं दोन-दोन होती आणि जुळत होती. उरले ते दहा किलो. वाफ मोजणारा मीटर. सेकंदाला दहा किलो जातच नसेल तर? मी दहाच्या जागी आठ धरून भागाकार केला. साडेआठशेच्या किंचित खाली. शंभरातले जवळजवळ पंच्याहत्तर.

मी बसल्या जागी मोठ्यानं हसले असावे, कारण आई दारात येऊन उभी राहिली. "का झालं वो?"

"काही नाही. वाढ मला."

लाखोरीचं वरण आणि भात मी दोनदा घेतला. संध्याकाळी मंडईत गेले, शिंगाडे घेतले, बहिणींसोबत पाळण्यात बसले. अधूनमधून मनात यायचं की एक्झॉस्टचं ते एकुलतं घड्याळच बिघडलेलं असेल तर? पण मग मी स्वतःला म्हणायचे, ते उद्या.

दुसऱ्या दिवशी प्लँटवर पोचल्या पोचल्या आमच्या इन्स्ट्रुमेंट टेक्निशियनला गाठलं. तिशीतला, कमी बोलणारा, हातातलं काम पूर्ण झाल्याशिवाय मान वर न करणारा माणूस. त्याला एक्झॉस्टमध्ये तपासणीचा थर्मामीटर घालायला लावला. सेहेचाळीस. मग त्याला विचारलं, "वाफेच्या मीटरला दुरुस्तीत हात लागला होता का?"

"ट्रान्समीटर बदलला म्याडम. जुना खराब झाला होता. बाहेरच्या पार्टीनं नवा लावून दिला." त्यानं मान वर केली. "काऊन?"

मी त्याला कॅलेंडरचं पान दाखवलं. तो वाचत गेला आणि शेवटी आल्यावर त्यानं एकदाच माझ्याकडे पाहिलं.

साहेबांकडे जाताना वाटेत भुशाच्या शेडमध्ये मी तिथल्या मुकादम बाईंनाही विचारलं. त्या म्हणाल्या, "भुसा कमीच जाऊन राहिला बाई औंदा. गाड्या खाली कराले जागा नाही." आम्ही ते रोज बघत होतो आणि यंदा भुसा जास्त आलाय असं समजत होतो.

मॅनेजर साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्याडम, एक थर्मामीटर के भरोसे मैं सेठजी को क्या बोलूँ? पानी का मीटर भी बंद पड़ा है."

त्यांचं बरोबर होतं. बॉयलरला जाणाऱ्या पाण्याचा मीटर चालू असता तर हा घोळ पहिल्याच दिवशी उघडा पडला असता.

"थर्मामीटर पे भरोसा मत कीजिए," मी म्हटलं. "पानी पे कीजिए. जितकी वाफ टर्बाइनमधून जाते तितकंच पाणी कंडेन्सरमधून बाहेर येतं. ते थोडा वेळ बाजूच्या रिकाम्या टाकीत सोडू आणि टाकी किती भरते ते मोजू."

साहेब उठले. "इतना तो कर ही सकते हैं."

टाकी चौकोनी होती, आतून तीन मीटर बाय तीन मीटर. मीटर म्हणतो तशी छत्तीस टन वाफ खरंच जात असेल तर दहा मिनिटांत पाणी सदुसष्ट सेंटीमीटर चढायला हवं होतं. मी तो आकडा टाकीच्या बाहेर खडूनं लिहिला. माणसं जमली. मामा लांब, पाइपांच्या रॅकला टेकून उभे होते. कोणी त्यांना बोलावलं नव्हतं.

मी गेले. "मामा, चला. टेप तुम्ही धरायचा."

"मी कायले? दुसऱ्याले सांगा."

"तुम्हीच."

"म्याडम, माह्यावर टाकू नका आता काही."

"टाकत नाही. उतरवून राहिली. चला."

ते आले. टेक्निशियननं घड्याळ लावलं, व्हॉल्व्ह फिरला, टाकीत धोधो पाणी पडायला लागलं. दहा मिनिटं झाली. व्हॉल्व्ह बंद झाल्यावर पाणी शांत व्हायची वाट पाहिली. मग मामा शिडीवर चढले, टेप टाकीत सोडला, खाली वाकले. बराच वेळ वाकून राहिले.

"त्रेपन्न," ते म्हणाले. मग लगेच, "दुसरा कोनी पाहा बरं."

टेक्निशियन चढला. "त्रेपन्न."

साहेब स्वतः बूट काढून चढले. त्यांनी चष्मा पुसला, पाहिलं आणि वरूनच म्हणाले, "त्रेपन्न ही है, मामा."

म्हणजे तासाला साडेअठ्ठावीस टन. छत्तीस नव्हे. आम्ही इतके दिवस टर्बाइनला कमी वाफ देत होतो आणि ते वीज कमी देतं म्हणून त्याला नावं ठेवत होतो.

त्यानंतर ट्रान्समीटर तपासायला वेळ लागला नाही. वाफेच्या दाबातल्या फरकावरून तो वाफ मोजतो; त्या फरकाची जी कमाल हद्द त्याच्यात भरायची असते ती चार हजारांच्या जागी अडीच हजार भरलेली होती. त्यामुळे तेवढाच फरक त्याला हद्दीच्या जास्त जवळ वाटायचा आणि तो प्रत्येक वेळी खऱ्याहून जास्त वाफ दाखवत होता. टेक्निशियननं ती दुरुस्त केली. कंट्रोल रूमच्या पडद्यावर छत्तीसचा आकडा सरकन अठ्ठावीसवर उतरला आणि वीज मात्र होती तिथेच राहिली. बॉयलरवाल्यानं माझ्याकडे पाहून विचारलं, "वाढवू?"

"हळूहळू."

दुपारभर आम्ही वाफ वाढवत नेली. भुशाचे पट्टे जोरात फिरायला लागले. सात. सात पॉइंट चार. चहा आला आणि तसाच थंड झाला. छत्तीसवर पोचलो तेव्हा काटा आठच्या किंचित पुढे जाऊन थांबला. मागून कोणीतरी टाळी वाजवली. मी खुर्चीत मागे टेकले आणि लक्षात आलं, माझे खांदे कितीतरी दिवसांनी खाली आले होते.

साहेबांनी सेठजींना फोन लावला, "खोलना नहीं पड़ेगा जी," एवढंच म्हणाले, मग फोन खिशात टाकून मामांच्या खांद्यावर हात ठेवला. "चलो मामा, कँटीन में चाय पीते हैं." माफी वगैरे कोणी मागितली नाही. मामांनाही ती नको होती. ते साहेबांच्या बरोबरीनं चालत गेले आणि मधल्या टेबलावर बसले, जिथे पूर्वी बसायचे तिथेच. कोणीतरी त्यांच्या डब्यातली भाजी उचलली आणि त्यांनी त्याला शिवी घातली. ती शिवी ऐकून आम्ही सगळे एकदम हसलो.

चहा झाल्यावर ते माझ्याकडे आले. इकडे तिकडे पाहून हळूच म्हणाले, "म्याडम, आता मशीन किती टक्के हाय?"

"पंच्याहत्तरहून जरासं वर, मामा. आधीपेक्षा थोडं वरच. तुमच्या नव्या सीलमुळे."

"पंच्याहत्तर." त्यांनी तोंड वाकडं केलं. "मंग बाकीचे पंचवीस कुठं गेले?"

मी सांगू लागले की पात्यांवरून घसरताना थोडं घर्षणात जातं, थोडं फटीतून जातंच, थोडं बाहेर पडणाऱ्या वाफेच्या वेगात, जगातलं कुठलंच टर्बाइन शंभर देत नाही. त्यांनी हात वर करून थांबवलं.

"ते सायबाले सांगू नका. नाही त पुन्हा खोलाले लावतील."

पुढच्या आठवड्यात त्यांनी रजा टाकली. देवरीच्या पुढे त्यांच्या मुलीच्या गावाला मंडई होती, बायकोला घेऊन बसनं गेले. एरवी ते रजेवर असले की वर्कशॉपमधून त्यांना सारखे फोन जायचे. यावेळी टर्बाइन एका सुरात चालत राहिलं, छत्तीस टन वाफ, आठ मेगावॅट वीज, एक्झॉस्ट सेहेचाळीस, आणि कोणालाही त्यांना फोन करायची गरज पडली नाही.